कडता कापून

वच्छलाबाईंच्या हातात कोणी काहीही दिलं, तरी त्या आधी ते तागडीत टाकतात. सत्यनारायणाच्या प्रसादाचा द्रोण असो, की बारशाच्या घुगऱ्या. आमच्या घरून पहिल्यांदा दिवाळीचं ताट गेलं तेव्हा त्यांनी माझ्या बायकोच्या डोळ्यांदेखत चकल्या पारड्यात ओतल्या, दुसऱ्या पारड्यात वजनं ठेवली आणि म्हणाल्या, "चारशे ग्रॅम. ताट काढून." मग तेच ताट चारशे ग्रॅम वांग्यांनी भरून परत दिलं. बायको घरी येऊन म्हणाली, "हे शेजारीण हाय का दुकान?"

मला मात्र त्या पहिल्या दिवसापासून आवडल्या. मी जमीन मोजणीच्या खात्यात नोकरीला आहे. अर्ध्या फुटाच्या बांधावरून सख्खे भाऊ एकमेकांच्या अंगावर जाताना मी महिन्यातून दोन-तीनदा पाहतो. आपल्याला नेमकं किती मिळालं हे जाणून घ्यायची इच्छा जगात सगळ्यांनाच असते. वच्छलाबाई ती लपवत नाहीत, एवढाच फरक.

अकरा वर्षांपूर्वी मी कारंजा गावाच्या कडेला घर बांधलं. कुंपणापलीकडे त्यांचा पाऊण एकराचा मळा. वांगी, मेथी, पालक, आणि सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. एक विहीर, दोन खोल्या, एक पडवी. पडवीत आडव्या बल्लीला मोठा तराजू टांगलेला. मालक वारलेले. एकच मुलगा, गजानन, पुण्याला कंपनीत. वच्छलाबाई आज अडुसष्ट वर्षांच्या आहेत आणि अजूनही पहाटे भाजी काढून सकाळी रस्त्यावर विकायला बसतात. त्यांना अंक येतात, अक्षरं येत नाहीत. मी त्यांना मावशी म्हणतो, त्या मला भाऊ म्हणतात.

त्यांचा आवडता शब्द आहे 'कडता'. बाजारात माल मोजताना व्यापारी पोत्याचं, मातीचं म्हणून जे वजन कापून घेतो, तो कडता. मालक हयात असताना वच्छलाबाई एकदा कांद्याची पोती घेऊन बाजारात गेल्या. व्यापाऱ्यानं प्रत्येक पोत्यामागे किलोभर कडता कापला.

"पोतं किती भरते?" त्यांनी विचारलं.

"सहाशे ग्रॅम."

"मंग किलो काहून कापून राह्यले?"

"बाकीची माती हाय, बाई."

पुढच्या खेपेला त्यांनी रात्रभर बसून एकेक कांदा फडक्यानं पुसला. व्यापाऱ्यानं कांदा हातात घेतला, वास घेतला आणि ओलाव्याचा म्हणून किलोभरच कडता कापला. त्या दिवशी त्यांना जगाचा नियम समजला असं त्या सांगतात. "कडता तं कापतच असते, भाऊ. लोकांनी कापाच्या आंधी आपन कापून घ्यावा. मंग जीव जळत नाही."

तेव्हापासून त्या सगळ्यातून कडता कापतात. पाहुणे पाचला येतो म्हणाले की त्या सातला चहा ठेवतात. कोणी त्यांच्या वांग्यांची तारीफ केली की म्हणतात, "कडता कापून बारा आणे खरं धरते." मत मागायला आलेला एक उमेदवार अर्धा तास बोलला, तेव्हा त्यांनी शेवटी एवढंच म्हटलं, "हे तं समदं बारदानच निंगालं. माल कुठी हाय?"

मी एकदा सांगितलं, माझी आई रिठदला असते, मी दर महिन्याला तिच्याकडे जातो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कडता कापून?"

मी जरा मोजलं. वर्षातून पाच वेळा होत होतं.

आता मूळ गोष्ट. गजानन आईला दिवाळीत काय देतो, ती.

त्याचं लग्न होऊन मुलगी झाली त्या वर्षी तो दिवाळीला आला. येताना अर्धा किलो पेढे आणले आणि चार दिवस राहिला. वच्छलाबाईंनी पेढे मोजले, खोकं काढून. मग म्हणाल्या, "आन तिले." नात तेव्हा अकरा महिन्यांची होती. तराजूच्या पारड्यात गोधडीची घडी घातली आणि तिच्यावर नात ठेवली. सुनेनं डोळे मिटून घेतले. नात मात्र पारड्यात बसून हसत होती, आणि वच्छलाबाई दुसऱ्या पारड्यात एकेक वजन असं ठेवत होत्या की जणू पूजा मांडताहेत. नऊ किलो आठशे.

"मावशी, गोधडी किती भरते?" मी विचारलं. सवयीनं.

"तिचा कडता नाही कापाचा," त्या म्हणाल्या.

त्यांनी मला खडू दिला आणि खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहायला लावलं. नात, नऊ-आठशे. पेढे, शून्य-पाचशे. मुक्काम, चार दिवस. मला आकडे उघडे पडलेले आवडत नाहीत, म्हणून मी रकाने आखले. ते रकाने आखले नसते तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

दुसऱ्या वर्षी गजाननानं साडी आणि सुक्या मेव्याचा डबा आणला. एक किलो चारशे. मुक्काम दोन दिवस. तिसऱ्या वर्षी स्वतःच्या गाडीनं आला, मिक्सर आणला, चार किलो तीनशे. सकाळी आला, संध्याकाळी गेला. दिवसांच्या रकान्यात काय लिहू, असं मी विचारलं. "आर्धा," त्या म्हणाल्या. मग थांबून, "पाव लिहा. तो दुपारी झोपला होता."

चौथ्या वर्षी तो आला नाही. खोकं आलं. तेलाशिवाय तळायचं यंत्र, पाच किलो शंभर. वच्छलाबाईंनी ते उलटसुलट पाहिलं. "तेल नाही तं मंग तळते कायले? भाजते म्हना ना." पाचव्या वर्षी पाणी शुद्ध करायचं यंत्र आलं, सात किलो आठशे. ते नळाला जोडायचं होतं. वच्छलाबाईंकडे नळच नाही, विहीर आहे. ही गोष्ट गजाननाला माहीत होती. त्या विहिरीत तो पोहायला शिकला.

गेल्या वर्षी आलं पाय चोळायचं यंत्र. त्यात दोन्ही पाय घालून बटण दाबलं की ते पाय धरून दाबत राहतं. अकरा किलो सहाशे. माझ्या बायकोनं ते लावून दिलं. वच्छलाबाई खुर्चीवर ताठ बसल्या होत्या, कोर्टात उभं केल्यासारख्या.

"कसं वाटते, मावशी?"

"कोनी पाय धरून माफी मांगून राह्यलं असं वाटते. पन माफी कायची, ते काही सांगत नाही."

पाच मिनिटांनी त्यांनी पाय काढून घेतले. आता त्या यंत्राच्या दोन खोबणींत त्या सांबाराच्या जुड्या उभ्या करून ठेवतात. जुड्या छान ताठ राहतात.

त्या दिवशी दारावर आकडा लिहिताना आम्हा दोघांनाही एकदमच ते दिसलं. वजनाचा रकाना वर वर चढत होता. दिवसांचा रकाना खाली उतरत होता. इतकं चोख व्यस्त प्रमाण मी जमिनीच्या नकाशातही पाहिलं नाही.

"म्हंजे खोकं जितकं जड," वच्छलाबाई सावकाश म्हणाल्या, "तितका तो लांब."

मी म्हटलं, मावशी, असं काही नसतं, योगायोग असतो.

"तुमी मोजनीवाले ना? मंग मोजलेलं खोटं काहून म्हनता?"

त्या दिवसापासून वच्छलाबाईंना दिवाळीची एकच भेट हवी होती. काही न येणं. लोकांच्या आया पोरांनी काय पाठवलं ते शेजारी दाखवत फिरतात. ही बाई देवापुढे हात जोडून म्हणायची, "यंदा काही येऊ देऊ नको रे बाप्पा."

यंदा पोळ्याच्या दिवशी गजाननाचा फोन आला. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून फोन नेहमी मोठ्या आवाजावर असतो, त्यामुळे मलाही ऐकू आलं. "आई, यावर्षी नक्की. चार दिवस येतो. ओवीला पण आणतो." ओवी म्हणजे नात. त्याच्या बोलण्यातून 'मले-तुले' कधीच गेलं होतं, आता 'हाय'ही गेलं होतं.

फोन ठेवून वच्छलाबाई म्हणाल्या, "कडता कापून दोन दिवस." पण चेहरा तीन धरल्यासारखा होता.

दसऱ्यानंतर त्यांनी घराला चुना मारून घेतला. दाराला मात्र हात लावू दिला नाही. पलंग नातीसाठी मोकळा केला, स्वतःची चटई पडवीत टाकली. बल्लीवरचा तराजू उतरवून चिंचेनं घासला. मी विचारलं, कशाला? त्या म्हणाल्या, "पोरगी आता आठवीत लागन." म्हणजे आठव्या वर्षात. "वीस भरन का?" मी म्हटलं, बावीस-तेवीस भरेल. तेव्हा त्या माझ्याकडून आमच्या पाण्याच्या मोटारीखाली ठेवलेलं दहा किलोचं जुनं वजन मागून घेऊन गेल्या. त्यांच्याकडची वजनं कमी पडली असती.

वसुबारस झाली. खोकं आलं नाही. धनत्रयोदशी झाली. खोकं आलं नाही. घरपोच सामान आणणारा माणूस आमच्या रस्त्यावर तीनदा येऊन गेला. प्रत्येक वेळी वच्छलाबाई वांग्यांच्या ओळीत वाकून बसायच्या, जणू त्यानं त्यांना पाहिलं नाही तर खोकं परत जाईल. तो पुढे निघून गेला की उठायच्या. माझ्या बायकोलाही आता खात्री वाटू लागली. ती म्हणाली, "येते वाटते यंदा." मी म्हटलं, आकडे तर तसंच सांगतात.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारपर्यंत काही आलं नाही. वच्छलाबाईंनी करंज्या केल्या होत्या, शेव केली होती. आम्हाला ताट देताना पहिल्यांदाच त्यांनी मोजलं नाही. बायकोनं घरी येऊन मला ते दोनदा सांगितलं.

दिवे लावायच्या वेळी मी पणत्यांचं तेल द्यायला त्यांच्याकडे गेलो. नवं पातळ नेसून त्या पडवीत बसल्या होत्या, रस्त्याकडे तोंड करून. तेवढ्यात फोन वाजला.

"आई, मिळालं ना?"

"काय रे?"

"अगं, पाठवलेलं. मोबाईलवर तर परवाच पोचलं म्हणून दाखवतंय. सही पण आहे तुझी."

वच्छलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी कुंपणाकडे पाहिलं. सहीचं सांगायचं तर त्या अंगठा लावतात.

त्यांनी फोन दुसऱ्या हातात घेतला. मग त्या म्हणाल्या, "मिळालं ना, बाप्पा. परवाच आलं."

"लावलंस का?"

"लावलं."

"कसं वाटतंय?"

"लय छान हाय."

"खिडक्या बंद ठेवतेस ना? उघड्या ठेवल्या तर उपयोग नाही त्याचा."

"बंदच हायेत."

त्यांच्या घराला खिडकी एकच, आणि तिची एक फळी गेल्या पावसाळ्यापासून नाही.

"आई, सुट्टीचं काही जमलं नाही बघ. ओवीचा क्लास पण आहे. पुढच्या वर्षी नक्की." मग त्याला हसू आलं. "मोजलंस का गं? किती भरलं?"

"मोजलं ना. लय हलकं भरलं, गजू. लय हलकं."

"हलकं कसं? चांगलं महागातलं आहे ते."

"हलकंच हाय," त्या म्हणाल्या. "जेवला का तू?"

फोन ठेवल्यावर त्यांनी मला विचारलं, "भाऊ, असं काय असन ते, की खिडक्या बंद करा लागते?" मला सांगता येईना. सुनेला विचारावं तर लावलेली वस्तू कोणती, हे विचारायचं कसं. आम्ही दोघं तेवढ्यावर विचार करत बसलो. तेवढ्यावर बसणं सोपं होतं. नंतर त्यांनी उठून पणत्या लावल्या, आमच्या कुंपणावरही दोन ठेवल्या, आणि पडवीतली चटई उचलून पलंगावर टाकली.

खोकं सापडलं भाऊबीजेनंतर. दोन गल्ल्या पलीकडे वच्छला नावाची आणखी एक बाई राहते, ते तिच्याकडे पडलं होतं. तिनं ते उघडलं नव्हतं. तिचा मुलगा दिवाळीला घरी आलेला होता, त्यामुळे आपल्याला खोकं पाठवलं तरी कोणी, हेच तिला समजेना. चार जणांना विचारत विचारत ती आमच्याकडे आली. मी सायकलच्या कॅरिअरवर ते बांधून वच्छलाबाईंकडे नेलं.

ते हवा शुद्ध करायचं यंत्र होतं. खोलीतली खराब हवा ओढून घेतं आणि चांगली सोडतं. मी त्यांना समजावून सांगितलं. बाहेर मेथीला नुकतंच पाणी दिलं होतं, त्या ओल्या मातीचा वास पडवीत येत होता.

"पुन्याची हवा खराब हाय म्हनते ना?"

"हो, फार."

"मंग त्यानंच ठिवाव ना हे." एवढंच म्हणून त्या तराजूकडे वळल्या. "घ्या मोजाले."

सगळं मिळून तेरा किलो दोनशे भरलं. त्यांनी दाराकडे पाहिलं. गेल्या वर्षीचा आकडा अकरा-सहाशे.

"खोकं काढा."

खोकं अकराशे ग्रॅम. राहिले बारा किलो शंभर.

"ते पांढरं, चुरचुर करते ते काढा. पिशवी काढा. पुस्तक काढा."

अकरा किलो नऊशे. यंत्र आता पारड्यात उघडंबोडकं बसलं होतं. काढण्यासारखं काही राहिलं नव्हतं. वच्छलाबाई त्याच्याभोवती फिरल्या, मागचं झाकण बोटानं वाजवून पाहिलं. ते निघालं. आत जाडजूड जाळी होती.

"हे काय हाय?"

"ती गाळणी, मावशी. तीच तर हवा गाळते."

"काढा."

"अहो, ती काढली तर राहतं काय? नुसता पंखा. गाळणी यंत्राचाच भाग आहे, ती कडत्यात धरता येत नाही."

"कडता मी कापून राह्यली का तुमी?"

मी गाळणी काढली. सातशे ग्रॅम. काट्याकडे बघत त्या उभ्या होत्या.

अकरा वर्षं या बाईला मी खोकं काढ, ताट काढ करताना पाहत आलो. आलेल्यातून काही वगळून पाहायचा तो संशयी स्वभाव आहे, असं मी धरून चाललो होतो. दारावर नऊ-आठशेचा आकडा होता, गोधडीसकट. त्याच्याखाली सहा वर्षांची खोकी होती, सगळी सोलून घेतलेली. गेल्या वर्षीच्या पाय चोळायच्या यंत्राचंही झाकण मोजताना बाजूला काढलं होतं, ते मला आता आठवलं. संशय नव्हता तो, खोकं हलकं करून त्या पोराला जवळ ओढत होत्या.

"किती झालं?"

"अकरा दोनशे."

"मांगच्या साली?"

"अकरा सहाशे."

"मंग घटलं ना." त्या खाली बसल्या. चेहरा उजळला होता. पोळ्याच्या फोननंतर मी तो तसा पाहिला नव्हता. "म्या त्याले खोटं नाही सांगतलं. हलकंच भरलं. पह्यल्यांदा घटलं, भाऊ. असंच घटत आलं तं येते तो. नाही का?"

मी खडू घेतला. वजनाच्या रकान्यात अकरा-दोनशे लिहिलं. दिवसांच्या रकान्यात शून्य. मनातल्या मनात हिशेब होतो, त्याला माझा इलाज नाही. वर्षाला चारशे ग्रॅम. अकरा-दोनशेवरून अर्धा किलो पेढ्यांपर्यंत यायला पावणेसत्तावीस वर्षं. वच्छलाबाई अडुसष्टच्या आहेत, ते वर आलंच आहे.

"किती वर्षं लागन?" त्यांनी विचारलं.

"जास्त नाही, मावशी. दोन-तीन."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. रस्त्यावर गिऱ्हाइकाकडे पाहतात तसं.

"कडता कापून?"

"हो," मी म्हणालो. "कडता कापून."